डिस्कमध्ये जागा उरलेली नाही

बाबा गेल्यानंतर दोनेक महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की आई रोज दुपारी साडेचारला डोक्यावरून पदर घेते.

मी शाळेत गणित शिकवते. परीक्षा चालू होत्या, म्हणून त्या दिवसांत तीनपर्यंतच घरी यायचे. आई बाहेरच्या खोलीत खाली बसून भाजी निवडत असायची. साडेचार वाजले की टीव्हीखालच्या सेट टॉप बॉक्सवर लाल दिवा लागायचा आणि आत काहीतरी फिरायला लागल्याची बारीक घरघर सुरू व्हायची. टीव्ही बंदच असायचा. आई हातातली मेथीची जुडी परातीत ठेवायची, पदर डोक्यावर ओढायची आणि भिंतीला टेकलेली पाठ सरळ करून बसायची. बाबा ड्यूटीवरून घरी यायचे तेव्हा ती अशी बसायची. तासाभरानं घरघर थांबली की पदर पुन्हा खांद्यावर यायचा.

तीन-चार दिवस मी नुसतं बघितलं. मग विचारलं. ती म्हणाली, "ह्यांची पेटी चालू होती ना."

बाबा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा रेकॉर्डिंगवाला बॉक्स घेतला होता. एखादी मालिका एकदा लावून ठेवली की ती जेव्हा जेव्हा लागेल तेव्हा बॉक्स आपसूक जागा होऊन रेकॉर्ड करायचा. बाबांनी एका प्रवासाच्या कार्यक्रमाचं असं लावून ठेवलं होतं. गावोगाव फिरून तिथलं खाणंपिणं, देवळं, डोंगर दाखवायचे तो कार्यक्रम. रोज दुपारी त्याचे जुने भाग पुन्हा लागायचे. आयुष्यभर गाड्यांच्या खाली पडून काम केलेल्या माणसाला आता गावं बघावीशी वाटत असतील, असं मी समजत होते. बाबा गेले हे त्या बॉक्सला कुणी कळवलं नव्हतं. तो आपला रोज साडेचारला उठत होता.

मी बंद करू का म्हटलं, तर आई म्हणाली, "राहू दे. काय खातोय का तो?"

त्या घरात आम्ही आता दोघीच होतो. कधीकाळी चौघं होतो, मग नऊ वर्षं तिघं. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. शेंद्र्याला एका कारखान्यात होता. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी तो रोजच्यासारखा डबा घेऊन कारखान्याच्या बसमध्ये बसला, गेटच्या अलीकडच्या थांब्यावर उतरला, सोबतच्याला म्हणाला, जरा काम आहे, आलोच. आणि आला नाही. घरात भांडण झालेलं नव्हतं. कुणाशी काही प्रकरण असलंच तर आम्हाला कळलं नाही. आदल्या दिवशी त्यानं माझ्या स्कूटीचा ब्रेक नीट करून दिला होता. पोलिसांत तक्रार झाली, पेपरात फोटो छापून आला, बाबांनी ओळखीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांकडं फोटो वाटले. पहिली दोन वर्षं तो कुणाला तरी नांदेडला दिसायचा, कुणाला पुण्याला. नंतर दिसायचाही बंद झाला. त्याचा विषय काढायचा नाही असं काही ठरलं नव्हतं, पण निघत नव्हता. माझं लग्न त्या काळात लांबलं आणि मग राहूनच गेलं. मेलेल्या माणसाचं दहावं-तेरावं करता येतं. दादाचं आम्हाला काहीच करता आलं नाही.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस टीव्ही बघायचा नाही, सारखे थेंब घालायचे. पहाटे एका वाहिनीवर कीर्तन लागतं, ते तिचं चुकायला लागलं. मी म्हटलं, रेकॉर्ड करून ठेवते, डोळा बरा झाला की बघ. रात्री लावून ठेवलं आणि सकाळी शाळेत गेले. संध्याकाळी बघते तर कीर्तन नाही. त्या रात्री पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले तेव्हा यादीत होतं, मी स्वतः पाहिलं. साडेचारला लाल दिवा लागला, आणि पाच मिनिटांनी पाहिलं तर गेलेलं.

आईला सांगितलं तर ती सहज म्हणाली, "त्यांनी पुसलं असंल. त्यांना कीर्तन कुठं आवडायचं."

ती हे गमतीनं म्हणाली नव्हती. 

कारण साधंच होतं, ते मी यादी उघडून शोधलं. डिस्क जवळजवळ भरलेली होती. नवीन रेकॉर्डिंगला जागा लागली की बॉक्स आपणहून जुनं काहीतरी पुसायचा, आणि पुसता येण्यासारखं तिथं फक्त आईचं कीर्तन होतं. बाकी सगळ्यावर कुलुपाची खूण होती. काही जुने क्रिकेटचे सामने, आणि त्या प्रवासाच्या कार्यक्रमाचे तेवीस भाग. कुलूप लावलेलं पुसायचं तर चार आकडे मागत होता. मी बाबांचं जन्मसाल टाकून पाहिलं, घराचा नंबर टाकून पाहिला, मग थांबले. बाबांनी जपून ठेवलेलं मला खरं तर पुसायचंच नव्हतं. मोठी डिस्क टाकू, म्हणजे दोघांचंही राहील, असं ठरवलं. त्याच आठवड्यात घरघरीत मधूनच खट्‌ खट्‌ असा आवाज यायला लागला, तेव्हा घाईच केली.

पैठण गेटजवळच्या एका गल्लीत दुरुस्तीचं दुकान आहे. तिथले गृहस्थ साठीचे, त्यांचे वडील त्याच जागेवर रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी बॉक्स उघडला, डिस्क कानाजवळ धरून ऐकली आणि मान हलवली. ही आता थोड्या दिवसांची आहे, म्हणाले. मग समजावून सांगितलं. कोरी डिस्क टाकली तर बॉक्स ती आपल्या पद्धतीनं आखून घेतो, जागा तिप्पट होते, पण जुनं काही राहत नाही. जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवली तर सगळं राहतं, पण बॉक्स नवीलाही जुन्याएवढीच समजतो. जागा वाढत नाही. आणि हे रेकॉर्डिंग याच बॉक्सवर दिसणार, कॉम्प्युटरवर काढून घेता येणार नाही.

"ताई, जगा पाहिजे की सामान पाहिजे?" त्यांनी विचारलं. "पैले ते ठरवा."

मी तर जागेसाठीच आले होते. पण तोंडातून निघालं, "सामान."

कुणाचं आहे, त्यांनी विचारलं. वडिलांचं म्हटलं. हयात आहेत का, विचारलं. नाहीत म्हटलं.  ते एक बारीक ब्रश घेऊन बॉक्सच्या आतली धूळ काढत बसले, आणि ते काम त्यांनी बराच वेळ केलं.

डिस्क उतरवायला दोन दिवस लागले, कारण मधले काही भाग खराब झाले होते. त्या दोन दुपारी घरात आवाज नव्हता. दोन्ही दिवशी साडेचारला आई उठून उगीच पुढच्या दारापर्यंत जाऊन आली. बॉक्स परत देताना दुकानदार म्हणाले, सगळं आलं असेलच असं नाही. घरी एकेक लावून बघा, चालत नसेल ते मला सांगा. जुनी डिस्क त्यांनी कागदात गुंडाळून सोबत दिली.

शनिवारी दुपारी आई शेजारी पापड लाटायला गेली आणि मी एकेक रेकॉर्डिंग तपासायला बसले. पहिलं लावलं. बॉक्सनं विचारलं, सुरुवातीपासून की जिथं थांबला होतात तिथून. सगळं बघायला वेळ नव्हता, मी दुसरं दाबलं. निवेदक एका धाब्यासारख्या हॉटेलाच्या पुढं बसला होता, मागं डोंगर, खाली पाटी: फर्दापूर. अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याचं गाव. तो शेवभाजीबद्दल बोलत होता. मी बंद करून दुसरं लावलं. जिथं थांबला होतात तिथून. तेच हॉटेल, तोच निवेदक, तेच वाक्य. माझं काही चुकलं असेल म्हणून तिसरं लावलं. तेच. चौथं चाललं नाही, चित्र चौकोनी तुकडे होऊन गोठलं. पाचवं लावलं, आणि या वेळी मी बंद केलं नाही.

निवेदकाच्या मागून एक माणूस आला. पाण्याचे ग्लास टेबलावर ठेवले, वळताना एकदा कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि चित्राबाहेर गेला. तेवढंच. डावा खांदा किंचित वर, मान थोडी वाकडी. दादा असाच चालायचा.

तेवीसच्या तेवीस रेकॉर्डिंग एकाच भागाची होती. तो भाग जेव्हा जेव्हा पुन्हा लागला तेव्हा तेव्हा बाबांनी त्याला कुलूप लावलं होतं, बाकीच्या गावांचे भाग पुसले जाऊ दिले होते. सगळ्यात जुनं दोन वर्षांपूर्वीचं होतं. जेवढी चालत होती तेवढी सगळी मी लावली, आणि प्रत्येक तिथंच थांबवलेली होती, तो माणूस यायच्या चार-पाच सेकंद आधी. म्हणजे बाबा तो येईपर्यंत बघत, गेला की मागं घेत, पुन्हा बघत, आणि उठताना तो यायच्या आधीवर ठेवून उठत. मी शाळेत असायचे, आई मागं धुणं-भांड्यात. या खोलीत ते दोन वर्षं हे करत होते.

चित्र थांबवून मी त्याच्या तोंडाच्या जवळ गेले. जवळून नुसते ठिपके दिसत होते. मागं सरकलं की दादा दिसायचा. मग मोबाइलवर फोटो काढला.

आईला सांगायचा धीर झाला नाही. रविवारी शाळेत पेपर तपासायचे आहेत असं सांगून मी सकाळी बसस्टँडवर गेले आणि जळगावच्या गाडीत बसले. फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव. वाटेत आठवलं, की बाबा महिन्यातून दोनदा मंगळवारी पेन्शनच्या कामाला जातो म्हणून सकाळी निघायचे आणि दिवे लागायच्या सुमाराला यायचे. पेन्शनचं एवढं काय काम असतं, हा प्रश्न मला गणित शिकवणाऱ्या बाईला कधी पडला नव्हता. घाट उतरताना खिडकीतून मी बाहेर बघत होते, पण दिसत होती ती बाबांची मागून दिसणारी टोपी, पुढच्या कुठल्यातरी सीटवर. डोळे मिटले तरी ती जात नव्हती.

फर्दापुरात हॉटेल शोधायला वेळ लागला नाही. गल्ल्यावरच्या मालकाला फोटो दाखवला. त्यानं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, आमचाच माणूस आहे, आत भांडी लावतोय. त्यानं आत हाक मारली. नऊ वर्षांत मी या क्षणाची किती वेळा तयारी केली होती, काय बोलायचं, चिडायचं की नाही. तो हात पुसत बाहेर आला, आणि तो दादा नव्हता.

चालणं दादाचं होतं, खांदाही. चेहरा मात्र निराळ्या घरातला होता. रंग सावळा, भुवया जुळलेल्या. वय दादाएवढंच.  तोच माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही काकांच्या का?"

मी मान हलवली.

"संक्रांतीपासून आलेच नाहीत ते."

मी सांगितलं. हिवाळ्यात, झोपेतच, त्रास झाला नाही. तो समोरच्या बाकावर बसला. मालकानं गल्ल्यावरून बघितलं, पण हाक मारली नाही.

मग त्यानं जे सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी बाबा पहिल्यांदा आले, टेबलाशी न बसता उभेच राहिले आणि त्याला म्हणाले, डाव्या हाताची बाही वर कर. दादाच्या डाव्या हातावर लहानपणी सायलेन्सरचा चटका बसल्याची खूण होती. यानं बाही वर केली. खूण नव्हती. काका, मी तुमचा नाही, तो म्हणाला. बाबा म्हणाले, बरं, पाणी आण. पाणी प्यायले आणि गेले. पंधरा दिवसांनी मंगळवारी पुन्हा आले. मंगळवारी गर्दी कमी असते. पुढं येतच राहिले. सोबत भाकरी, ठेचा, कधी वांग्याचं भरीत आणायचे. हॉटेलात बसून घरचं खायचे आणि त्याला खायला लावायचे. मालक आधी कुरकुरला, मग तोही एक तुकडा घ्यायला लागला.

मी विचारलं, काय बोलायचे ते.

हाही घरातून निघून आलेला होता. सात वर्षं झाली होती. काही मोठं कारण नव्हतं, धाकट्या भावाच्या लग्नात काहीतरी बोलणं झालं, तेवढ्यावरून. हे कळल्यावर बाबांनी त्याला घरी जा असं एकदाही म्हटलं नाही. ते फक्त विचारायचे. पहिल्या रात्री कुठं झोपलास. सणाला काय वाटतं. आजारी पडलास तेव्हा कुणी बघितलं. आणि दर वेळी उठायच्या आधी एकच: माणूस घरी का जात नाही?

"तुम्ही काय सांगायचात?"

त्यानं हातातलं फडकं घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं. "पहिले वाटतं, उद्या जाऊ. मग दिवस एवढे साचतात ताई, की ते घेऊन कोणत्या तोंडानं जावं."

बाबा हे ऐकून दर वेळी मान हलवायचे, जणू पहिल्यांदाच ऐकत आहेत.

एकदा, बाबांनी न सांगताच, तो गावाला गेलाही होता. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. वडील ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी वर पाहिलं, उन्हामुळं डोळ्यांवर हात धरला, पण त्यांना ओळखू आलं नसावं. तो अर्धा तास उभा राहिला आणि आलेल्या जीपनं परत गेला. हे त्यानं बाबांना सांगितलं. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. भाकरी त्याच्याकडं ठेवून उठले.

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात एवढंच होतं. नऊ वर्षांत आमच्या गल्लीच्या तोंडाशी किती माणसं उभी राहिली असतील. कुणी पत्ता शोधत, कुणी फोनवर बोलत. त्यातल्या किती जणांकडं मी गॅलरीतून बघितलं असेल आणि उन्हामुळं डोळ्यांवर हात धरला असेल.

घरी पोचले तेव्हा ऊन कललं होतं. आई टीव्हीपुढं बसली होती, हातात रिमोट. तिला नीट चालवता येत नाही म्हणून मी तो कधी तिच्या हातात देत नसे. पडद्यावर फर्दापूरचं हॉटेल होतं, आणि तो माणूस ग्लास ठेवून वळलेला, तसाच थांबलेला.

"तो नाय तो," आई म्हणाली. "कान बघ. माझ्या लेकाचे कान असे नव्हते."

मी खाली बसले. तिला कधीपासून माहीत होतं, विचारलं. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते तिला हाताला धरून बाहेरच्या खोलीत घेऊन आले होते, आणि तिनं तेव्हाही हेच सांगितलं होतं. बाबा तिच्याशी त्यावर पुन्हा काही बोलले नाहीत. मंगळवारी पेन्शनच्या कामाला जातो म्हणाले, तेव्हा तिनं काही विचारलं नाही, फक्त डब्यात भाकऱ्या दुप्पट घातल्या. पहिल्यांदा त्यांनी डब्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि डबा पिशवीत ठेवला.

"तुला थांबवावंसं वाटलं नाही त्यांना?"

"घरात बसून वाट बघायची मला सवय व्हती," आई म्हणाली. "त्यांना नाय जमली ती. मग जाऊ द्यायचं."

मला काय कळलं ते मी तिला सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी उभं राहण्याचंही सांगितलं. ते सांगू नये असं वाटत होतं, पण घरात फार गोष्टी न सांगता राहिल्या होत्या.  मग तिनं विचारलं, त्याचं गाव कोणतं. मला माहीत नव्हतं. हे मी विचारलंच नाही याचा तिला राग आला, आणि बाबा गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा रागावलेलं पाहिलं.

पुढच्या मंगळवारी मी शाळेतून सुट्टी काढली आणि आम्ही दोघी गेलो. आईनं भाकऱ्या केल्या होत्या. त्याला बघताच ती थबकली. पाठमोरा होता, आणि पाठमोरा तो दादाच वाटतो. मी तिचा दंड धरला. तो वळला, तिनं त्याचा चेहरा नीट पाहिला आणि दंड सोडवून घेतला. मग बसली, डबा उघडला. जेवण होईपर्यंत तिनं त्याला काही विचारलं नाही. हात धुऊन झाल्यावर म्हणाली, "तुझ्या घरी सांगू का रे, की तू हायेस?"

तो उठला. आत गेला. आम्हाला वाटलं, आता येत नाही. आईनं डबा पिशवीत भरला आणि आम्ही उठलो. रस्त्यापर्यंत आलो तेव्हा तो मागून आला, गावाचं नाव सांगितलं आणि लगेच परत फिरला. कन्नड तालुक्यातलं गाव होतं. आईच्या माहेरापासून दोन-तीन कोसांवर.

त्या आठवड्यात मी पुन्हा पैठण गेटला गेले. कोरी डिस्क टाक, असं आईनंच सांगितलं होतं. दुकानदारांनी उतरवून घेतलेली डिस्क काढून मला दिली आणि दुसरी कोरी टाकून दिली. पुन्हा कधी बघावंसं वाटलं तर ही याच बॉक्सला लावली की बहुतेक चालेल, म्हणाले. बाबांची ती डिस्क आता लोखंडी कपाटात त्यांच्या स्वेटरखाली आहे. कोऱ्या डिस्कवर कीर्तनं साठतात आणि आई ती सवडीनं बघते. दुपारी बॉक्स उठत नाही. पहिले काही दिवस साडेचारला खोलीत अशी काही शांतता व्हायची की आम्ही दोघीही दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचो. 

कन्नडच्या बाजाराच्या दिवशी आम्ही तिथं उतरून जीपनं त्या गावाला गेलो. बाजाराला निघालेल्यांची गर्दी उलट्या दिशेनं होती, आमची जीप जवळजवळ रिकामी. वाटेत मी आईला दोनदा विचारलं, काय सांगणार आहेस. ती बाजाराला निघालेल्या माणसांकडं बघत होती.

घर सापडलं. ओट्यावर कुणी नव्हतं. आतून एक बाई आली, आईच्याच वयाची, हाताला पीठ लागलेलं. आईनं आपण कोण, कुणाची लेक, ते सांगितलं. माहेरचं गाव ऐकून तिनं आम्हाला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. घरधनी शेतात गेलेत म्हणाली. आईनं पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला आणि तिचा पिठाचा हात धरून म्हणाली, "तुमचा थोरला चांगला हाये. कुठंय ते नाय सांगत, तो सांगंल तवा सांगंल. पर चांगला हाये. मी त्याला जेवताना बघून आले."

बाई रडली नाही. खाली बसली, आईचा हात तिनं सोडला नाही. कुठं आहे, का येत नाही, कुणाजवळ आहे, यातलं काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "बारीक झालाय का?"

"नाय," आई म्हणाली. "अंगानं भरलाय. दोन भाकरी खाल्ल्या माझ्यापुढं."

तिनं आम्हाला चहाशिवाय उठू दिलं नाही. चूल पेटवताना ती सारखी वळून आईकडं बघत होती, आई तिथून नाहीशी होईल की काय असं. निघताना आईच्या ओटीत तिनं शेंगा घातल्या आणि वेशीपर्यंत सोडायला आली. जीप सुटली तरी उभीच होती.

तो अजून घरी गेलेला नाही. पण मागच्या महिन्यात त्यानं भावाला फोन केला, असं फर्दापूरहून कळलं. आम्ही अधूनमधून मंगळवारी जातो.

आमच्या दारात तसं सांगायला अजून कुणी आलेलं नाही. त्या दिवशी परत येताना जीपमध्ये आई शेंगा फोडत होती, टरफलं मुठीत धरून ठेवत होती. मध्येच म्हणाली, "मी काय विचारीन, ते ठरवलंय मी." काय, ते तिनं मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.